छोट्या सिनेमाचा ट्रेलर आणि लोकांचं मत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी संकलन करते, बहुतेक वेळा कमी बजेटच्या सिनेमांचं. दर आठवड्याला कोणाच्या ना कोणाच्या ट्रेलरची लिंक येते आणि सोबत एकच ओळ असते : "बघून सांग ना कसा वाटतोय." या ओळीला उत्तर म्हणून "मस्त!" मिळतं आणि त्याचा उपयोग शून्य. खालचे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे.

ट्रेलर पूर्ण झाल्यावर दाखवावा की रफ कट असतानाच?

रफ कट, म्हणजे संकलनाची कच्ची आवृत्ती, असतानाच. साउंड मिक्स झालं, ग्रेडिंग (रंगांची अखेरची जुळवाजुळव) झालं, पाट्या झाल्या की आपण मत मागत नसतो, शाबासकी मागत असतो. तेव्हा कोणी "पहिली वीस सेकंदं उडवा" म्हणालं तर मिक्स पुन्हा करायला पैसे उरलेले नसतात. मग हे मत चुकीचं कसं आहे, ते आपण स्वतःलाच पटवत बसतो.

पण रफ म्हणजे अर्धवट नाही. संवाद स्वच्छ ऐकू आले पाहिजेत, आणि मधेच काळ्या पडद्यावर "इथे ड्रोन शॉट येईल" अशी पाटी नको. धंद्यातली माणसं कच्चं काम कच्चं म्हणून बघू शकतात, बाकीच्यांना ते जमत नाही आणि जमावं अशी अपेक्षाही नको. आवाजातल्या खरखरीने वैतागलेला प्रेक्षक "खरखर होती" असं म्हणत नाही. तो म्हणतो, "जरा संथ वाटला." तुम्ही मग कट वेगवान करत सुटता आणि खरखर तिथेच राहते.

आधी कोणाला दाखवू?

आधी कोणाला नको ते सांगते. तुमच्या सिनेमात काम केलेलं कोणी नको आणि पटकथा वाचलेलं कोणी नको. त्यांच्या डोक्यात अख्खी गोष्ट असते. ट्रेलरमध्ये जे नाही तेही त्यांना दिसतं. छायाचित्रकाराला तर शॉट दिसतच नाही, त्या दिवशी प्रकाश गेल्यावर झालेली पळापळ दिसते. घरची माणसंही नकोत. त्यांच्यासाठी ट्रेलर आवडणं आणि तुम्ही आवडणं एकच असतं.

उरतात तीन तऱ्हेची माणसं : सिनेमा बघणारा पण तुम्हाला फारसा न ओळखणारा प्रेक्षक, तुमचा सिनेमा ज्या जातीचा आहे त्या सिनेमांचा शौकीन, आणि एखादा संकलक. याच क्रमाने जा. संकलकाला शेवटी गाठा, कारण तो लगेच दुरुस्तीवर येतो आणि तोवर तुम्हाला घोडं कुठे पेंड खातंय हेच कळलेलं नसतं.

किती जणांचं मत पुरेसं?

एका कटला पाच-सहा जण. एकच अडचण तिघांनी आपापल्या शब्दांत सांगितली की थांबा, कट दुरुस्त करा आणि मग नव्या माणसांकडे जा.

माझ्या मते या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. कोणताही माणूस ट्रेलर पहिल्यांदा एकदाच बघू शकतो. दुसऱ्यांदा बघताना त्याला पुढचं माहीत असतं आणि न कळलेल्या जागा त्याने मनात भरून काढलेल्या असतात. कमी बजेटमध्ये आपण दिवस मोजतो, लाइट मोजतो, पण ताजे डोळे मोजत नाही. उत्साहाच्या भरात पहिलाच कट चाळीस जणांना पाठवला की चौथ्या कटच्या वेळी ओळखीत कोणीच कोरं उरत नाही. मी वहीत सरळ यादी करते : कोणाला कोणता कट, कोणत्या तारखेला दाखवला. दहा-बारा जण मुद्दाम राखून ठेवते.

ग्रुपवर टाकून सगळ्यांचं मत एकदम घेतलं तर?

पहिला जो बोलेल त्याच्या सुरात बाकीचे बोलतील. "अंगावर काटा आला" असं एकाने लिहिलं की पुढच्या आठ जणांच्याही अंगावर काटा येतो. एकेकाला वेगळं विचारा.

दाखवण्याआधी काय सांगायचं?

काहीही नाही. "हे फायनल नाहीये", "म्युझिक बदलणार आहे", "लो-बजेट आहे हं" ही तिन्ही वाक्यं गिळायची. प्रत्येक वाक्य समोरच्याला सांगतं की मला सांभाळून घ्या, आणि माणसं चांगली असतात, सांभाळून घेतात. कथासारही सांगू नका. ट्रेलर लोकांसमोर जाईल तेव्हा तुम्ही शेजारी उभे राहून पार्श्वभूमी समजावणार नाही आहात.

समोर बसून दाखवावा की लिंक पाठवावी?

जमेल तेव्हा समोर बसून. पण पडद्याकडे बघू नका, तिरकं बसा आणि माणसाकडे बघा. हात फोनकडे कधी जातो, पाठ खुर्चीला कधी टेकते, हसायच्या जागी ओठ हलतात का, सगळं दिसतं. माझ्या एका ट्रेलरला चारही जणांनी "छान" म्हटलं होतं. पण चौघांनीही साधारण पन्नासाव्या सेकंदाच्या आसपास नजर हलवली होती. एकाने घड्याळ पाहिलं, एकीने ओढणी सारखी केली. तिथे सलग तीन शॉटमध्ये माणसं चालत होती, एकामागून एक, कुठेही न पोचता. दोन काढले.

लिंक पाठवली की हे सगळं हरवतं आणि हाती फक्त शब्द येतात. पण लांबच्या माणसांना दुसरा मार्ग नसतो.

नेमके कोणते प्रश्न विचारायचे?

"कसा वाटला?" नाही. "आवडला का?" तर अजिबात नाही. मी हे विचारते :

"ही गोष्ट कशाबद्दल आहे, एका वाक्यात सांग."
"कोणत्या प्रकारचा सिनेमा वाटला?"
"लक्ष कुठे उडालं?"
"आत्ता डोळ्यांसमोर कोणता शॉट आहे?"

आणि दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न : "काल बघितलेल्यातलं काय आठवतंय?" रात्रभर जे टिकलं तोच तुमचा ट्रेलर.

पहिल्या दोन प्रश्नांनी मला एकदा चांगलाच घाम फोडला. दोन भावांची गोष्ट होती. वडिलांचं बंद पडलेलं गॅरेज विकायचं की नाही, यावरून दोघांत आलेला दुरावा. ट्रेलरमध्ये अडतिसाव्या सेकंदाला मोठा भाऊ अर्धवट उघड्या शटरमागे उभा दिसतो, तोंडावर कसलाच भाव नाही. पुढचा शॉट धाकट्याचा, तो घाईघाईने बॅग भरतोय. खाली एक लांब, घुमणारा सूर. टीममधल्या सगळ्यांना हा ट्रेलर हळवा वाटत होता. बाहेरच्या सहा जणांना दाखवला. पाच जण म्हणाले, "थ्रिलर आहे. मोठ्याने कोणाला तरी मारलंय."

दिग्दर्शकाला वाटलं, लोक मूर्ख आहेत. लोक अगदी बरोबर वाचत होते. शंभरएक वर्षांपूर्वी रशियात दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाडग्याला, एकदा शवपेटीतल्या मुलाला जोडून दाखवला होता. बघणाऱ्यांना चेहऱ्यावर आधी भूक दिसली, मग दुःख. चेहरा बदलला नव्हता, शेजार बदलला होता. आमच्या शटरमागच्या चेहऱ्याला भरली जाणारी बॅग शेजारी मिळाली, वर तो सूर, आणि झाला खुनी. आम्ही शॉट काढला नाही. त्याआधी वडिलांच्या आवाजातलं एक वाक्य आणलं, सूर काढून तिथे गॅरेजमधला खरा आवाज ठेवला, पाना जमिनीवर पडल्याचा. पुढच्या सहापैकी कोणालाच खून दिसला नाही.

मला एखादी विशिष्ट जागा खटकत असेल तर थेट विचारू का?

विचारा, पण सगळ्यात शेवटी. वरचे प्रश्न होऊन जाऊ द्या. मग "शेवटचा संवाद ऐकू आला का, आणि तो कोण बोललं असं वाटलं?" असं सरळ विचारा. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. सुरुवातीलाच विचारलंत तर मात्र तो माणूस पूर्ण ट्रेलरभर फक्त तो संवाद शोधत बसेल.

लोक म्हणतात गोष्ट कळली नाही. पण मला ती मुद्दाम लपवायची होती.

कुतूहल आणि गोंधळ यांत फरक आहे आणि तो प्रेक्षकाच्या प्रश्नातून कळतो. "मग ती परत येते का?" हा कुतूहलाचा प्रश्न. "ती म्हणजे कोण, सुरुवातीचीच की दुसरी?" हा गोंधळाचा. पहिला प्रश्न पडणं म्हणजे ट्रेलरचं काम झालं. दुसरा पडला तर "आम्हाला गूढ ठेवायचं होतं" ही सबब चालत नाही.

प्रत्येक जण वेगळं सांगतो. कोणाचं ऐकायचं?

अडचण सगळ्यांची ऐका, उपाय शक्यतो कोणाचाच ऐकू नका. "इथे व्हॉइस-ओव्हर टाका", "तो धावतानाचा शॉट आधी आणा", "गाणं नाही का?" असे उपाय बघणारा चांगल्या मनाने सुचवतो, पण टाइमलाइनवर आणखी काय पडलंय हे त्याला माहीत नसतं. उपाय ऐकल्यावर एकच उलट प्रश्न करा : "असं कधी वाटलं? कोणत्या क्षणी?" व्हॉइस-ओव्हर मागणाऱ्याला बहुधा नातं कळलेलं नसतं. ते "दादा" या एका हाकेनेही कळू शकतं.

दोन मतं एकमेकांविरुद्ध असतील, एकाला संथ आणि एकाला घाईचा वाटला असेल, तर दोघांनी बोट कुठे ठेवलंय ते बघा. बऱ्याचदा जागा तीच निघते. माहिती उशिरा आली की एक कंटाळतो आणि दुसरा मागे पडतो.

"स्वस्तातला वाटतो" असं कोणी म्हटलं तर काय समजायचं?

आधी आवाज तपासा. कॅमेरा शेवटी. थोडं ग्रेनी, दाणेदार चित्र लोक शैली म्हणून खपवून घेतात, पण रिकाम्या खोलीत घुमणारा संवाद खपवून घेत नाहीत. ट्रेलरमध्ये हा दोष सिनेमापेक्षा जास्त उघडा पडतो, कारण इथे वेगवेगळ्या दृश्यांतले संवाद दोन-दोन सेकंदांनी एकमेकांना चिकटतात. एका वाक्यामागे पंख्याची घरघर, दुसऱ्यामागे शांतता, तिसऱ्यामागे रस्ता. शॉट बदलला की दर वेळी मागचा आवाज उडी मारतो आणि बघणाऱ्याला काहीतरी हौशी वाटतं. नेमकं काय, ते त्याला सांगता येत नाही. सगळ्याखाली एकच रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज, पसरवला आणि दोन वाक्यं पुन्हा डब केली तरी चेहरामोहरा बदलतो.

मग पाट्या. काळ्यावर सोनेरी, चमकत येणारी अक्षरं : "एक स्वप्न…", "एक संघर्ष…", "एक निर्णय…" असं कोणत्याही सिनेमावर चिकटवता येईल. यातलं काहीही काढलं तर काय बिघडतं, हे एकदा करून बघाच.

फोनच्या स्पीकरवरही ऐका. छोट्या स्पीकरमधून खालच्या पट्टीतलं जवळपास काहीच येत नाही. स्टुडिओत छातीत धडकणारा तो "धूम्म" फोनवर नुसतं एक रिकामं सेकंद होतो, आणि बरेचसे लोक तुमचा ट्रेलर फोनवरच बघणार आहेत. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा ऐकू येतो ते मोजायचं एकक) वर गेलेला आवाज खाली ओढतं. तेव्हा सगळं ठासून मोठं करण्यातही फायदा नाही. मिक्स करणाऱ्याला हे माहीत असतं, घरी मिक्स करणाऱ्याला बऱ्याचदा नसतं.

टेम्प म्युझिक लावून दाखवलं तर चालेल का?

टेम्प म्युझिक, म्हणजे स्वतःचं संगीत येईपर्यंत तात्पुरतं लावलेलं दुसऱ्याचं संगीत. दुधारी आहे. मोठ्या सिनेमाचं पार्श्वसंगीत खाली घातलं की काहीही भव्य वाटतं, आणि लोक जे कौतुक करतात ते त्या संगीतकाराचं असतं. शिवाय दोन महिने तेच ऐकून तुमच्या कानाला त्याची चटक लागते. मग तुमचा स्वतःचा संगीतकार काहीही घेऊन आला तरी फिकं वाटतं. बिचाऱ्याचा काहीच दोष नसतो.

मी निदान दोघांना संगीत पूर्ण बंद करून दाखवते, फक्त संवाद आणि आवाज. तसा ट्रेलर उभा राहिला तर बांधणी पक्की आहे. आणि एक व्यवहारातली गोष्ट : दुसऱ्याचं संगीत असलेला कट यूट्यूबवर अनलिस्टेड (फक्त लिंक असलेल्यांना दिसणारा) ठेवला तरी कंटेंट आयडी ही यूट्यूबची यंत्रणा ते ओळखू शकते, व्हिडिओ अडवलाही जाऊ शकतो. ज्या संध्याकाळी तुम्ही सहा जणांना लिंक पाठवलेली असते, नेमकी तीच संध्याकाळ.

लांबी किती असावी?

अमेरिकेतल्या मोठ्या स्टुडिओंमध्ये अडीच मिनिटांची मर्यादा रूढ होती. २०१४ मध्ये तिथल्या चित्रपटगृह मालकांच्या संघटनेने ती दोन मिनिटांवर आणा असं सुचवलं. ही गणितं नावाजलेले चेहरे असलेल्या सिनेमांची. तुमच्या सिनेमात प्रेक्षकाच्या ओळखीचं कोणी नसेल तर त्याच्याकडे थांबायला कारणही कमी. मला दीड मिनिट पुरेसं वाटतं, सव्वा मिनिट त्याहून बरं. मतं घेताना लांबी विचारू नका, "किती वेळाचा वाटला?" असं विचारा. ऐंशी सेकंदांचा ट्रेलर कोणाला "दोन-अडीच मिनिटं असेल" वाटला तर कात्री कुठे लावायची ते शोधा.

ट्रेलरमध्ये सगळंच सांगून टाकलंय का, हे कसं कळेल?

बघणाऱ्याला शेवट काय होईल ते विचारा. बरोबर सांगितला तर सांगून टाकलंय.

लिंक कशी पाठवावी?

व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून नको. तिथे तो दाबला जातो, आणि कमी बजेटच्या सिनेमात अंधारातली दृश्यं भरपूर असतात, त्यांचे नुसते चौकोन होतात. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसा फाइलला हात लागत नाही.

यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवला तर ज्याच्याकडे लिंक आहे तो कोणीही बघू शकतो आणि पुढे ढकलू शकतो. प्रायव्हेट ठेवून ठराविक खात्यांनाच परवानगी देता येते. विमिओ या व्हिडिओच्या साइटवर पासवर्ड ठेवता येतो. यूट्यूबवर त्याच लिंकवर नवा कट ठेवता येत नाही, त्यामुळे प्रत्येक कटची लिंक वेगळी असेल. नावात कटचा क्रमांक आणि तारीख घाला. "फायनल", "फायनल नवीन", "खरंच फायनल" या नावांच्या फायली मी पाहिल्या आहेत आणि त्यातल्या चुकीच्या फाइलवर घेतलेली मतंही पाहिली आहेत.

पडद्यावर टाइमकोड फक्त धंद्यातल्या माणसांना पाठवताना ठेवा. सामान्य प्रेक्षकाचे डोळे त्या पळत्या आकड्यांवरच जातात.

अनोळखी लोक फार लागट बोलतात. त्याचं काय करायचं?

लगेच उत्तर देऊ नका. "तुम्हाला सिनेमा कळत नाही" हे तर नकोच, पण "आम्ही बारा दिवसांत शूट केलंय" हेही नको. बारा दिवस हा तुमचा पराक्रम आहे, बघणाऱ्याला त्याचं काही देणंघेणं नाही. एक दिवस जाऊ द्या, मग वाक्यातलं विशेषण काढून टाका आणि उरतं काय ते बघा. "भिकार अॅक्टिंग" यात काहीच उरत नाही. "त्या पोरीचं बोलणं आणि ओठ जुळत नाहीत, भिकार" यात सिंक सुटल्याची बातमी आहे. तीही फुकट मिळालेली.

मी स्वतःच दिग्दर्शक आणि मीच संकलक. माझं मला का दिसत नाही?

दोनशे वेळा बघितलंय म्हणून. दुसऱ्या कोणाला तरी पहिला कट करायला देणं सगळ्यात चांगलं, मग तो नवशिका का असेना. प्रत्येक शॉटसाठी तुम्ही किती धडपड केलीत हे त्याला माहीत नाही, हीच त्याची ताकद. तेवढंही शक्य नसेल तर आठवडाभर हात लावू नका आणि मग नेहमीच्या मॉनिटरवर न बघता कोणाच्या तरी फोनवर बघा, त्या माणसाच्या शेजारी बसून. आपलंच काम दुसऱ्याच्या शेजारी बसून बघताना अचानक लांब वाटायला लागतं. हे मला अजूनही प्रत्येक वेळी होतं.

ट्रेलर टाकल्यानंतर यूट्यूबचा ग्राफ किती मनावर घ्यायचा?

पुरेसे व्ह्यूज झाले की प्रेक्षक कुठे टिकतात आणि कुठे सोडतात याची रेघ "यूट्यूब स्टुडिओ" या तुमच्या चॅनेलच्या पानावर दिसते. पहिल्या काही सेकंदांत ती सगळ्यांचीच घसरते, त्याने घाबरू नका. मधेच जिथे कडा तुटल्यासारखी पडते ती जागा बघा. सुरुवातीला निर्मिती संस्थांची तीन बोधचिन्हं एकामागून एक येत असतील तर कारण शोधायची गरज नाही. छोट्या सिनेमाने बोधचिन्हं शेवटी टाकावीत, किंवा पहिल्या दृश्याच्या आवाजावर चढवावीत. निर्माते नाराज होतात, हे मान्य आहे.

महोत्सवाला आणि वितरकाला तोच ट्रेलर दाखवावा का?

महोत्सवाच्या निवडकर्त्यांना मुळात सिनेमा हवा असतो. वितरकाला मात्र दोन गोष्टी पटकन कळायला हव्यात : सिनेमा कोणत्या जातीचा आहे आणि तो कोणाला विकायचा. त्यामुळे त्याच्यासाठीचं मत प्रेक्षकाकडून घेऊन भागत नाही. विक्रीच्या बाजूचं एखादं ओळखीचं माणूस असेल तर त्याला आवाज बंद करून दाखवा आणि पोस्टर कसं असेल ते विचारा. मी एकदा हे केलं आणि त्या माणसाने जे पोस्टर सांगितलं ते आमच्या ट्रेलरमध्ये नसलेल्या शॉटचं होतं. शॉट सिनेमात होता. आम्ही कापला होता.

मतं घेणं थांबवायचं कधी?

गोष्ट, प्रकार आणि पात्रांची नाती नव्या माणसांना बरोबर कळू लागली आणि तक्रारी आवडीनिवडीवर आल्या की. "मला निळा रंग जरा जास्त वाटला" इथवर पोचलात तर कट लॉक करा. अकराव्या कटला लोकांना काय वाटतं ते विचारणारे दिग्दर्शक मला माहीत आहेत. त्यांना ट्रेलरबद्दल शंका नसते, सिनेमाबद्दल असते. ते दुखणं ट्रेलर कापून बरं होत नाही.

ज्यांनी वेळ काढून मत दिलं त्यांना काय द्यायचं?

त्यांच्या बोलण्याने काय बदललं ते कळवा, शक्यतो नेमकं : "तू म्हणालीस ना ते दोघं भाऊ वाटत नाहीत, म्हणून हाक आधी आणली." पुढच्या सिनेमाच्या वेळी हीच माणसं पुन्हा कोरी असतील, आणि तुम्ही फोन केलात तर उचलतील.